मोठा टीव्ही घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दसरा-दिवाळी जवळ आली की या सदराच्या टपालात टीव्हीविषयीचे प्रश्न वाढतात, आणि यंदा त्यांतले बहुतेक प्रश्न ५५ इंची व त्याहून मोठ्या संचांबद्दल आहेत. पत्रांवरून असे दिसते की अनेक वाचक आधी दुकानात जाऊन आले आणि घरातली भिंत त्यांनी त्यानंतर मोजली. हा क्रम उलटा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून पुढील उत्तरांत दुकानापेक्षा खोलीविषयी, आणि संचाच्या नावापेक्षा त्यावर काय पाहिले जाणार आहे याविषयी अधिक लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेसात फूट अंतर आहे. मुलगा ६५ इंची संच घ्या म्हणतो, माझे पती ५५ इंची पुरे म्हणतात. आम्ही दोघे केबलवर मराठी मालिका आणि बातम्या पाहतो, मुलगा रात्री ओटीटीवर चित्रपट पाहतो. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नुसत्या अंतराचा विचार केला, तर मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, आणि फोर-के संचासाठी त्या मापाच्या सुमारे सव्वा ते दीडपट, फार तर १.६ पट अंतरावर बसणे सोयीचे मानले जाते. या हिशेबाने ५५ इंची संच साडेपाच ते सव्वासात फुटांवरून आणि ६५ इंची संच साडेसहा ते पावणेनऊ फुटांवरून चांगला दिसतो. पाठ टेकून बसल्यावर डोळे आणि भिंत यांतील अंतर काहीसे कमी भरते, हे लक्षात घेतले तरी ६५ इंची संच आपल्या खोलीत बसतो.

मात्र अंतराइतकेच महत्त्व पडद्यावर येणाऱ्या चित्राला आहे. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके इतकेच असते. सर्व मिळून ते चार लाखांच्या थोडे वर जातात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. याचा अर्थ असा की वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्यावरून संचाला सुमारे वीस ठिपके स्वतःच रंगवावे लागतात. चांगल्या संचातील प्रोसेसर हे काम बऱ्यापैकी करतो, स्वस्त संचात मात्र चेहरे मेणाचे दिसू लागतात आणि बातम्यांची पट्टी फाटल्यासारखी दिसते. ३२ इंची पडद्यावर खपून गेलेले हे दोष ६५ इंची पडद्यावर लपत नाहीत. मोठा टीव्ही घेतल्यावर ‘चित्र पूर्वीपेक्षा वाईट दिसते’ अशी तक्रार येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

म्हणून आमचा सल्ला असा की, संच घेण्यापूर्वी केबलवाल्याकडे एचडी सेट-टॉप बॉक्स आणि आपल्या आवडीच्या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या मागाव्यात. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीमध्येही उपलब्ध आहेत. त्याचबरोबर तो बॉक्स टीव्हीला कोणत्या वायरने जोडला आहे, हेही वाकून पाहावे. कित्येक घरांत एचडी बॉक्सचे पैसे दरमहा भरले जातात, पण मागे लाल, पांढरी आणि पिवळी अशी जुनी तीन टोकांची वायर लावलेली असते आणि त्या वायरमधून एचडी चित्र येऊच शकत नाही. एचडीएमआय वायर लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर ठेवावे लागते. एवढे करण्याची तयारी असेल तर ६५ इंची संच घ्यावा. केबलचे साधे पॅकेज तसेच ठेवायचे असेल तर ५५ इंचीवर थांबणे शहाणपणाचे ठरेल.

दुकानात जाण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतो, ५५ इंची पडदा सुमारे १२२ गुणिले ६८.५ सेंटिमीटर. वर्तमानपत्राची पाने जोडून त्या मापाचा कागद भिंतीवर चिकटवावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. संच टेबलावर ठेवणार असल्यास त्याच्या पायांमधील अंतर अवश्य विचारावे. मोठ्या संचांचे पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात, आणि जुन्या टीव्ही युनिटवर ते मावत नाहीत, हे संच घरी आल्यावर कळते.

प्रश्न : क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी या नावांनी गोंधळ झाला आहे. आमच्या हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. वडील निवृत्त असून सकाळपासून बातम्यांची वाहिनी लावून ठेवतात. अंदाजपत्रक सव्वा लाखापर्यंत आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही नावे विक्रीसाठी ठेवलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे काय आहे ते आधी पाहू. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, तो मुळात एलसीडीच असतो. पडद्याच्या मागे किंवा कडेला एलईडी दिवे असतात आणि पुढचा एलसीडी थर तो प्रकाश जागोजागी अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीमध्ये याच रचनेत क्वांटम डॉटचा एक थर वाढवलेला असतो. निळ्या दिव्यांच्या प्रकाशातून हा थर शुद्ध लाल आणि हिरवा रंग निर्माण करतो, त्यामुळे रंग अधिक खुलतात. परंतु काळ्या रंगाचा काळेपणा त्याने वाढत नाही. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे फार लहान आणि संख्येने खूप जास्त असतात, व ते गटागटाने मंद किंवा तेज करता येतात. रात्रीच्या दृश्यात चंद्राच्या मागचे दिवे तेजाने लागतात आणि बाकीचे जवळजवळ विझतात. ओएलईडीमध्ये मागे दिवेच नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि बाजूने पाहिले तरी चित्र फिके पडत नाही.

अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्या माणसाला आम्ही डोळे झाकून ओएलईडी सुचवला असता. आपल्या घरासाठी मात्र सुचवणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. एक, पश्चिमेच्या उन्हाने उजळलेल्या खोलीत लागणारे तेज मिनी एलईडी संच सहसा अधिक आणि सलग देतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांवर कोपऱ्यात बोधचिन्ह, शेजारी घड्याळ आणि तळाशी एकावर एक अशा ठळक लाल-पिवळ्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी असतात. ओएलईडीच्या ठिपक्यांची झीज वापरानुसार होते. रोज आठ-दहा तास तेच चिन्ह त्याच जागी राहिले, तर काही काळाने त्याचा फिकट ठसा कायमचा उमटू शकतो, आणि असा ठसा बहुतेकदा हमीत धरला जात नाही. हे टाळण्यासाठी संचांमध्ये निरनिराळ्या सोयी असतात, त्यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

तेव्हा आपण मिनी एलईडी संच पाहावा, आणि विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत : मागील दिवे किती गटांत नियंत्रित होतात, आणि चित्राचे कमाल तेज किती ‘निट’ (तेज मोजण्याचे एकक) आहे. साध्या एलईडी संचाचे तेज अनेकदा अडीचशे ते साडेतीनशे निटच्या घरात असते, आपल्या खोलीला सहाशेच्या वरचे हवे. नुसता ‘क्यूएलईडी’ शब्द पाहून पैसे देऊ नयेत, कारण त्या नावाखाली मागचे दिवे अगदी साधे असलेले संचही विकले जातात. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर संच लावायचे मात्र टाळावे. काटकोनातली भिंत मिळाली तर प्रतिबिंबाचा निम्मा त्रास तिथेच संपतो. जाड पडदा लावणे हा उपायही हलका समजू नये. दहा हजार रुपयांनी महाग संच घेण्यापेक्षा तो कधीकधी जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : आठ-के संच घ्यावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. फोर-केच्या चौपट ठिपक्यांचे हे चित्र आपल्याकडे ना वाहिन्यांवर येते, ना प्रमुख ओटीटी सेवांवर. २०१० नंतरच्या काही वर्षांत थ्री-डी टीव्हीचा असाच गाजावाजा झाला होता, आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते संच बनवणे थांबवले. चष्मे अजून अनेकांच्या माळ्यावर असतील.

प्रश्न : शोरूममध्ये चित्र झगझगीत दिसत होते, घरी आणल्यावर मात्र माणसांचे चेहरे निळसर आणि चित्रपट मालिकेसारखा दिसतो. संच सदोष आहे का? क्रिकेटसाठी १२० हर्ट्झ हवे होते का, हेही सांगावे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : संच बहुधा निर्दोष आहे, फक्त तो दुकानाच्या तोऱ्यात आहे. शोरूममधील पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात उठून दिसावे म्हणून संच ‘व्हिव्हिड’ किंवा तत्सम पद्धतीवर ठेवलेला असतो, आणि दाखवण्यासाठी मुद्दाम निवडलेली फुले, मासे आणि बर्फाचे डोंगर लावलेले असतात. आपण सेटिंगमध्ये जाऊन संच ‘होम’ वापरावर असल्याची खात्री करावी आणि चित्राची पद्धत ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जी असेल ती निवडावी. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. निळसर पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना तसे वाटतेच; तीन-चार दिवसांनी पुन्हा जुनी पद्धत लावून पाहावी, म्हणजे चेहऱ्यांचा खरा रंग कोणता ते कळते. व्हिव्हिड बंद केल्याने वीजही कमी लागते.

चित्रपट मालिकेसारखा दिसण्याचे कारण वेगळे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो, आणि संच त्यांच्या मधली चित्रे स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो. प्रत्येक कंपनीने या सोयीला निराळे नाव दिले आहे, तरी बहुधा त्या नावात ‘मोशन’ हा शब्द असतो. चित्रपटासाठी ती पूर्ण बंद ठेवावी आणि क्रिकेटसाठी हवी असल्यास अगदी खालच्या पायरीवर ठेवावी, कारण ती जास्त केली की वेगाने जाणाऱ्या चेंडूभोवती आणि बॅटभोवती धूसर वलय दिसू लागते.

हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. आपल्याकडे सामन्यांचे प्रक्षेपण सेकंदाला ५० या हिशेबाने येते, त्यामुळे ६० हर्ट्झच्या चांगल्या संचावरही क्रिकेट व्यवस्थित दिसते. घरात कोणी गेमिंग कन्सोल वापरत असेल, तर १२० हर्ट्झचा खरा उपयोग आहे. ‘मोशन रेट २००’ अशा आकड्यांवर विश्वास ठेवू नये. पॅनेलचा, म्हणजे प्रत्यक्ष पडद्याचा, मूळ हर्ट्झ विचारावा.

प्रश्न : आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. मेघगर्जनेच्या दिवसांत पूर्वीचा संच जळाला. नव्या मोठ्या संचासाठी स्टॅबिलायझर घ्यावा का, आणि तो भिंतीवर लावता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

उत्तर : स्टॅबिलायझर आणि विजेपासूनचे संरक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संचाच्या मागच्या चिठ्ठीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास, विजेचा दाब कमी झाला तरी संच ते सहन करतो, आणि स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. आपल्या गावात दाब २४० च्या बराच वर जात असेल तरच तो घ्यावा.

वीज जवळपास कडाडते तेव्हा तारांमधून क्षणार्धात येणारा दाबाचा लोट हा खरा शत्रू आहे. तो विजेच्या तारेतून जसा येतो, तसाच छपरावरच्या डिशच्या किंवा केबलच्या वायरीतूनही येतो, आणि हा दुसरा मार्ग लोक हमखास विसरतात. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावावा, परंतु घराचे अर्थिंग नीट नसेल तर तो शोभेचाच राहतो. म्हणून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की बटण बंद करून थांबू नये, कारण बटणाने एकच तार तुटते. प्लग आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवावीत. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असल्यासही हेच करावे, आणि परत आल्यावर संच लगेच सुरू न करता खोली थोडी हवेशीर होऊ द्यावी. संचाच्या मागील जाळीतून पाली आणि मुंग्या आत शिरतात, तेव्हा बंद काळात वर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिक टाकल्यास आत दमटपणा कोंडतो.

चिरा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असल्याने प्लॅस्टिकच्या आखूड गिट्ट्या त्यात सैल होतात. ६५ इंची संचाचे वजन वीस किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. भोके दोन चिऱ्यांच्या सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मध्यभागी पाडून, गिलाव्याच्या पुढे खोलवर जाणारे लांब फास्टनर लावण्यास सांगावे. कंपनीचा माणूस सोबतच्या गिट्ट्या ठोकून निघून जाण्याच्या घाईत असतो. भिंतीबद्दल शंका असल्यास सरळ टेबलावर ठेवावा. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य येणे चांगले, आणि टेबलावर ते आपोआप साधते. भिंतीवरचे संच बहुतेक घरांत उगाचच फार उंच लावलेले दिसतात.

प्रश्न : आईचे वय ७८ आहे. नव्या ६५ इंची संचाचे चित्र उत्तम आहे, पण तिला संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला तर पार्श्वसंगीतच वाढते. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : पडदे जसे पातळ झाले तशी ध्वनिवर्धकांना जागा उरली नाही. ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज भिंतीवर आणि टेबलावर आपटून आपल्याकडे येतो. आधी सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा अशाच नावाची सोय असेल ती लावून पाहावी. तेवढ्याने न भागल्यास, संवादासाठी मध्ये स्वतंत्र ध्वनिवर्धक असलेला साउंडबार घ्यावा आणि तो एचडीएमआयच्या ‘एआरसी’ असे लिहिलेल्या खाचेत जोडावा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. आईंना दोन रिमोट सांभाळायला लावू नयेत. खोलीत उघडी फरशी आणि रिकाम्या भिंती असतील, तर एक सतरंजी आणि जाड पडदे यांनीही संवाद स्पष्ट होतात. श्रवणतपासणी झाली नसल्यास तीही करून घ्यावी.

प्रश्न : ‘नो कॉस्ट ईएमआय’ खरोखर विनाखर्च असतो का? जीएसटी कमी झाल्याचा लाभ मिळतो आहे, हे कसे ओळखावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याचा अर्थ किंमत दहा टक्क्यांनी उतरावी असा नव्हे. करापूर्वी ५०,००० रुपयांचा संच पूर्वी ६४,००० ला पडत होता, तो आता ५९,००० ला पडतो. म्हणजे घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास आहे. बिलावर मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवलेले असतात, ते पाहावेत.

विनाखर्च हप्त्यांबाबत बोलायचे, तर बिनव्याजी कर्ज कोणतीही बँक देत नाही; रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत ताकीद दिली होती. प्रत्यक्षात विक्रेता व्याजाइतकी सूट आधीच देतो आणि बँक ती व्याजरूपाने आपल्याकडून घेते. ६०,००० रुपयांचा संच १५ टक्के दराने १२ हप्त्यांत घेतल्यास या व्यवहारात सुमारे ४,६०० रुपये व्याज दडलेले असते. क्रेडिट कार्डावरील अशा व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे ८३० रुपये होतो, आणि प्रक्रिया शुल्क निराळे. हा भार सोसण्यासारखा आहे, परंतु दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘एकरकमी दिले तर किती?’ व्याजापोटीची ती सूट कधीकधी आपल्याला रोख मिळू शकते.

वाढीव हमी घ्यायची झाल्यास ती कंपनीची आहे की तिसऱ्याच संस्थेची, आणि तीत पॅनेल येते का, हे लेखी पाहावे. मोठ्या संचात पॅनेल हाच सर्वांत महाग भाग असतो आणि तो वगळलेल्या हमीला फारसा अर्थ नाही.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला ७५ इंची संच पुढच्या आठवड्यात येत आहे. घेताना काय काळजी घ्यावी? जुना चित्रनळीचा टीव्ही भंगारात द्यावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खोके सुमारे सहा फूट लांब असते, तेव्हा जिना, वळण आणि लिफ्टचा दरवाजा आजच मोजून ठेवावा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये ते सहसा जात नाही, आणि सपाट झोपवून नेल्यास पॅनेलला तडा जाण्याचा धोका असतो. कोपरा चेपलेला किंवा खोके फाटलेले दिसल्यास पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी. कंपनीचा माणूस येईपर्यंत खोके उघडू नये, आणि उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे, कारण फुटलेला पडदा हमीत येत नाही व तो वाटेत फुटला की घरी, हा वाद पुढे आपल्यालाच निस्तरावा लागतो. तो माणूस जाण्यापूर्वी संपूर्ण पांढरे, काळे, करडे आणि लाल असे एकरंगी चित्र लावून मेलेले ठिपके, काळे डाग आणि कडेने झिरपणारा उजेड पाहून घ्यावा. बिलावरचा अनुक्रमांक संचाच्या मागच्या क्रमांकाशी जुळवावा. दोष आढळल्यास विक्रेत्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार नोंदवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. ही तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नये. चित्रनळीच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी ती नळी उघड्यावर फोडली जाते. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार वापर संपलेल्या संचांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपला संच घेऊन येणाऱ्याकडेच जुना देता येतो का, हे आधी विचारावे, म्हणजे एकाच फेरीत काम होईल. अन्यथा नगरपालिकेच्या किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राच्या संकलनात तो द्यावा आणि पावती घ्यावी.